खोली आणि घरपट्टी

मराठी ललितवाङ्मयाने दोन स्त्रियांच्या किंवा दोन पुरुषांच्या प्रेमाला नावे पुष्कळ ठेवली, क्वचित नाव दिलेही. पण पत्ता मात्र आजवर दिला नाही. पत्ता म्हणजे अगदी साधा: घर क्रमांक, गल्ली, मुक्काम पोस्ट अमुक, तालुका चोपडा, जिल्हा जळगाव. ज्या पत्त्यावर घरपट्टीचे बिल येते, निवडणुकीची चिठ्ठी येते, आणि घरातले माणूस गेले म्हणजे वारसनोंदीची नोटीस येते, तो पत्ता. या विषयावर मराठीत गेल्या चार-साडेचार दशकांत जे थोडे, पण काही वेळा फार चांगले लिहिले गेले, त्यातले मिळाले तेवढे मी यंदाच्या पावसाळ्यात सलग वाचले. वाचून झाल्यावर मनात उरली ती एवढीच तक्रार. ती जरा सविस्तर मांडावी असे वाटते.

फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. मला तर वाटते, याला दिवाळीइतका योग्य मुहूर्त दुसरा नाही. आपली दिवाळी म्हणजे नात्यांची हजेरी घेण्याचा सण. पाडव्याला बायकोने नवऱ्याला ओवाळायचे, भाऊबीजेला बहिणीने भावाला, आणि पहिल्या दिवाळसणाला जावईबापूंनी सासुरवाडीस जाऊन सासऱ्याच्या खर्चाने रुसायचे. प्रत्येक नात्याला दिवस नेमून दिला आहे, तबक नेमून दिले आहे, ओवाळणीचा दरही जवळजवळ ठरलेला आहे. ज्यांचे नाते या हजेरीपटावर नाही, ती माणसेही त्याच घरात, त्याच पंगतीला चकली मोडीत बसलेली असतात. त्यांना कोणी ओवाळावे हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. मी बोलणार आहे ते हजेरीपट ठेवणाऱ्यांविषयी, म्हणजे लेखकांविषयी आणि ग्रामपंचायती-नगरपालिकांविषयी. ही जोडी विजोड दिसली तरी, लेखक आणि ग्रामसेवक यांचा धंदा एकच, असे माझे जुने मत आहे. दोघेही नोंदी ठेवतात, आणि दोघांच्याही वहीत जो नाही तो गावात नाही असेच पुढच्या पिढीला वाटते.

सुरुवात तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’पासूनच करावी लागेल. १९८१ साली हे नाटक रंगभूमीवर आले. विनय आपटे यांनी ते बसवले होते, आणि सुमित्रा देव ऊर्फ मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. नाटकातला काळ स्वातंत्र्याच्या आधीचा, कॉलेजातल्या मुलामुलींचा. मित्राचे नमा देशमुख या मुलीवर प्रेम आहे, आणि ही सारी हकीगत आपल्याला सांगतो तो बापू, एक पापभीरू, भला, थोडासा भित्रा मुलगा. ज्या काळी हा विषय मासिकाच्या पानावर घेतानाही संपादकाचा हात थरथरला असता, त्या काळी तेंडुलकरांनी तो थिएटरात तिकीट काढून आलेल्या कुटुंबवत्सल प्रेक्षकांसमोर मांडला. त्याहून मोठी गोष्ट ही की त्यांनी मित्राला दयेचा विषय केले नाही. ती बाणेदार आहे, हेकट आहे, प्रसंगी बापूला राबवून घेण्याइतकी स्वार्थी आहे. एखादा लेखक आपल्या नायिकेला वाईट वागू देतो तेव्हाच तो तिला माणूस मानतो. ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ यांच्या गदारोळात हे नाटक मागे पडले, आणि त्यावर व्हायला हवी होती तेवढी चर्चा मराठीत झाली नाही.

पण या नाटकातल्या जागेकडे जरा पाहा. मित्रा आणि नमा भेटतात कुठे? बापूच्या खोलीत, म्हणजे उसन्या जागेत, तिसऱ्याच्या भिडेवर. खोलीचा मालक आपण नव्हे, तिची वेळ आपली नव्हे, आणि दारावर कोणाची थाप पडेल याचा भरवसा नाही. नाटक संपते तेव्हा मित्राने स्वतःला संपवलेले असते. शोकात्मिकेत माणसे मरतात, त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. माझी अडचण अशी की प्रेम, मत्सर, एकटेपणा यांचे चित्र तेंडुलकर ज्या ताकदीने काढतात, त्या ताकदीने ते घराच्या प्रश्नाला हात घालीत नाहीत. नमा मिळेल की नाही, या प्रश्नावर नाटक तापत जाते. मिळाली असती तर पुढे काय, हा प्रश्न तापण्याइतका चुलीवर राहतच नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या चोपड्याच्या छोट्या वाचनमंडळात मी या नाटकाचे काही प्रवेश वाचून दाखवले होते. शेजारच्या काकू, वय सत्तरीपुढचे, वाती वळीत ऐकत होत्या. मला वाटले होते, त्या उठून जातील. वाचन संपल्यावर मंडळी ‘विकृती की प्रकृती’ असल्या जड शब्दांत शिरली, तेव्हा काकूंनी वात बाजूला ठेवून विचारले, “हाई समदं ठीक शे, पन त्या दोन्हीजनी राहतीन कोठे?” या नाटकावर टीकाकारांनी जे लिहिले आहे त्यात इतका नेमका प्रश्न मला तरी आढळला नाही.

पुढच्याच वर्षी, १९८२ साली, जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा हा चित्रपट, पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. स्मिता पाटील यांनी उभी केलेली सुलभा महाजन अजून कोणी विसरलेले नाही. तिच्या महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांचे एकमेकींशी असलेले नाते उघड होते असा एक प्रसंग त्यात आहे. तो संस्थेच्या शिस्तीचा प्रश्न म्हणून येतो आणि तसाच जातो. चित्रपटाचे लक्ष दुसरीकडे आहे, आणि ते योग्यच आहे. तरी एक नोंद करून ठेवतो: उसनी खोली झाली, आता सरकारी अनुदानावरची खाट आली.

त्यानंतर मोठी मजल मारली ती सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’ने, २००६ साली. पुण्यातले एक मध्यमवर्गीय घर, वरची खोली भाड्याने दिलेली, आणि त्या खोलीत आलेल्या तरुणावर त्या घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा या दोघांचाही जीव जडतो. कादंबरीचे दोन भाग, दोघांचे दोन. या कादंबरीत कोणी मरत नाही, हे मला तिचे पहिले यश वाटते. दुसरे आणि खरे यश असे की, एकाच माणसाच्या जाण्याने झालेली दोन दुःखे लेखकाने शेजारी शेजारी ठेवली आहेत. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते आणि एकटी परतते, तेव्हा घर हादरते. आईवडील, भाऊ, डॉक्टर, नातेवाईक, सगळ्यांना तिच्या दुःखात काही ना काही काम मिळते. रागावण्याचे का होईना, काम मिळते. तनयचे दुःख तेवढेच, कदाचित जुने म्हणून जास्तच. पण त्यात कोणालाच काम नाही, कारण त्या दुःखाचे घरात खातेच उघडलेले नाही. या रचनेत जी करुणा आहे ती मला मोठमोठ्या भाषणांत सापडलेली नाही. कुंडलकरांचे गद्य काही ठिकाणी स्वतःच्याच नादात गुंगते, रंगांच्या आणि वासांच्या याद्या लांबतात, हे खरे. पण या एका मांडणीसाठी त्यांना सारे माफ आहे. इथेही जागा कोणती? भाड्याची खोली. पाहुणा येतो, राहतो, निघून जातो. घरपट्टी मात्र वडिलांच्या नावानेच भरली जाते.

१९८१ ते २००६, पंचवीस वर्षांत मराठीने या प्रेमाला तीन जागा दिल्या, आणि तिन्ही दुसऱ्याच्या. याला योगायोग म्हणण्याइतका मी भोळा नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आले १८८२ साली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे सुभद्रेचे काम पुरुषच करीत होते. म्हणजे भर मांडवात, पेटी-तबल्याच्या साथीने, दोन पुरुषांचे लग्न लागत होते, आणि आपले आजे-पणजे बायकामुलांसह बैलगाडीने जाऊन त्या लग्नाला टाळ्या देऊन येत होते. बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह जळगावात आहेच. यातून कोणताही सिद्धांत काढण्याची मला घाई नाही. नाटक ते नाटक. एवढे मात्र खरे की आपल्या डोळ्यांना हे दृश्य नवीन नाही. ते खरे असेल तर काय लिहायचे, हे आपल्या लेखणीला सुचत नाही.

यावर लेखकांच्या वतीने एक उत्तर देता येईल, आणि ते ऐकले पाहिजे. कायद्यातच घर नाही तर आम्ही ते वाङ्मयात कुठून आणावे? ठीक. मग कायद्याकडे वळू. भारतीय दंडविधानातल्या ३७७व्या कलमाचा विळखा सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सोडवला. प्रौढांचे संमतीने ठेवलेले संबंध गुन्हा राहिले नाहीत. लग्नाचा प्रश्न पाच न्यायमूर्तींपुढे आला २०२३च्या एप्रिलमध्ये, आणि निकाल लागला १७ ऑक्टोबर २०२३ रोजी. साडेतीनशेहून अधिक पानांच्या त्या निकालाचे सार असे: लग्न करणे हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जण एकमत झाले, १९५४च्या विशेष विवाह कायद्यात न्यायालयाने फेरफार करायला सर्वांनी नकार दिला, आणि अशा जोडप्यांच्या सहजीवनाला राज्याने काही मान्यता दिलीच पाहिजे की नाही यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. तिघे नाही म्हणाले. फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले.

या खटल्यात केंद्र सरकारने एक मुद्दा मांडला होता, की ही मागणी शहरी, उच्चभ्रू लोकांची आहे. सरन्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रात तो मान्य केला नाही. चोपड्यात बसून तो मुद्दा वाचताना मला हसू आले. आमच्या सातपुड्यापलीकडे, भोपाळला, सशस्त्र पोलीस दलातल्या लीला आणि ऊर्मिला या दोन शिपाई स्त्रियांनी गांधर्व विवाह केला, आणि १९८८च्या सुरुवातीला त्या नोकरीतून बडतर्फ झाल्या. शिपाईगिरी करणाऱ्या बाईला उच्चभ्रू म्हणायचे असेल तर मग शब्दकोश बदलावा लागेल. यवतमाळला २०१७ सालच्या डिसेंबरात दोन पुरुषांनी नातेवाईक-मित्रांच्या उपस्थितीत लग्नसोहळा केला, आणि तो केला ३७७वे कलम अजून जिवंत असताना. यवतमाळ मुंबईचे उपनगर नव्हे. याच खटल्यात राज्यांचेही मत मागवण्यात आले होते. राजस्थान, आसाम, आंध्र यांनी विरोध कळवला. महाराष्ट्राने काय कळवले? विचाराला आणखी वेळ हवा. फुले-आगरकरांच्या महाराष्ट्राचे हे उत्तर वाचून वाईट वाटले. विरोध असता तर निदान भांडता आले असते.

राज्यांना विचारले; गावांना कोणी विचारले नाही. आणि लग्नाची खरी नोंद तर गावातच होते. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याने लग्नाची नोंद खेड्यात ग्रामसेवकाकडे आणि शहरात नगरपालिकेकडे करायची असते. (सरकारने २०२४ साली ग्रामसेवकाचे नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केले, पण गावात त्यांना अजून भाऊसाहेबच म्हणतात.) नव्वद दिवसांत अर्ज द्यावा, सोबत लग्नपत्रिका, वयाचे दाखले, कोर्ट फी स्टँप, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची किंवा काझींची सही. टीकाकाराच्या नजरेने हा छापील नमुना मी वाचला आहे, आणि तो वाचनीय आहे. पतीचे नाव, पत्नीचे नाव, विवाहसमयीचा दर्जा: अविवाहित, विधुर, घटस्फोटित. एका पानात केवढा संसार बसवला आहे! मात्र हे ध्यानात ठेवले पाहिजे की या नोंदीने लग्न होत नाही. झालेले लग्न वहीत येते, इतकेच. नोंद केली नाही म्हणून लग्न रद्द होत नाही, आणि कायद्याला मान्य नसलेले लग्न नोंदीने पक्के होत नाही. म्हणजे भाऊसाहेबांच्या हाती सत्ता थोडी, पण अपमान करण्याची किंवा न करण्याची मुभा मोठी.

आणि लग्नाचा एकच साचा आपल्याकडे अनादी काळापासून आहे, हे तरी कोणी सांगितले? आमच्या खानदेशात पहिल्या लग्नाखेरीज पाट होते, मोहतूर होते, गंधर्व होते. विधवेचे किंवा काडीमोड घेतलेल्या बाईचे दुसरे लग्न लागायचे ते रात्री, मोजक्या माणसांत, वाजंत्रीशिवाय. पांढरपेशा समाज त्याला लग्न म्हणायला तयार नव्हता. पेशवाईतली सरकारे मात्र त्यावर पाटदाम नावाचा कर घेत होती. मला या पाटदामाचे मोठे कौतुक वाटते. सरकारने एखाद्या गोष्टीवर कर बसवला म्हणजे ती गोष्ट आहे हे कबूल केले. शास्त्री-पंडितांचा वाद मग निवांत चालू द्यावा. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, पण पाटाची वही त्याच्या किती आधीपासून चालू होती! आजही सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांत जोडपी आधी संसार थाटतात आणि पैसा जमला की मग लग्न लावतात. कधी कधी आईबापांच्या लग्नात मुले नाचतात. गाव त्यांना नवरा-बायको म्हणूनच ओळखते. वही मागून येते.

आता भादलीची गोष्ट. चोपड्याहून जळगावला निघाले की विदगावपाशी तापी ओलांडावी लागते, आणि जळगावहून भुसावळच्या वाटेला लागले की भादली येते. तिथल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील यांनी स्त्रियांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून अर्ज भरला. त्या तृतीयपंथी. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने अर्ज नाकारला. कारण असे की प्रभाग स्त्रियांचा, आणि तृतीयपंथीयांसाठी राखीव जागा नाही. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेले. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी निर्णय दिला की स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि २०१९च्या कायद्याने दिलेला आहे, अर्जदाराने स्त्री ही ओळख निवडली आहे, तेव्हा अर्ज स्वीकारावा. १५ जानेवारीला मतदान झाले आणि अंजली पाटील निवडून आल्या.

हा निर्णय थोडक्या पानांचा आहे, आणि गोष्ट म्हणून तो मला या विषयावरच्या पुष्कळ मराठी कथांपेक्षा सरस वाटतो. त्यात रडारड नाही. एक अर्ज आहे, एक रकाना आहे, एक अधिकारी आहे आणि हाताशी उरलेले थोडे दिवस आहेत. सगळे नाट्य त्या रकान्यात आहे. एक जागा मात्र खटकते. अर्जदाराकडून असे कथन घेतले गेले आहे की आपण यापुढे आयुष्यात फायद्यासाठी पुन्हा पुरुष होणार नाही. वाचकहो, तुम्हाआम्हांपैकी किती पुरुषांनी पुरुष राहण्याची अशी शपथ घेतली आहे? फायद्यासाठी आपण काय काय होत असतो ते निवडणुकीच्या दिवसांत गावोगाव दिसतेच. पण हा दोष न्यायमूर्तींचा म्हणण्यापेक्षा, ज्या भीतीला त्यांना उत्तर द्यायचे होते त्या भीतीचा आहे.

भादलीच्या मतदारांनी मात्र शपथेची वाट पाहिली नाही. त्यांनी नाव वाचले, चिन्ह पाहिले आणि बटण दाबले. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने तर २०१७ सालीच ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केले होते. ‘समाजाची तयारी नाही’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी आपल्या लेखकांनी या दोन गावांना एकदा एसटीने जाऊन यावे. आणि २०२३च्या निकालात एका मुद्द्यावर पाचही न्यायमूर्ती एकमत होते हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले: तृतीयपंथी व्यक्तीचे नाते स्त्री-पुरुषाच्या जोडीत बसत असेल तर चालू कायद्यांखाली तिला लग्न करता येते. म्हणजे भादलीच्या रकान्यातून निघालेली वाट लग्नाच्या रकान्यापर्यंत अर्धी पोचली. मित्रा आणि नमा त्या अर्ध्या वाटेच्या अलीकडे उभ्या आहेत.

उरलेली वाट गावे चालू शकतात का? परदेशांत पुष्कळ ठिकाणी सुरुवात स्थानिक कचेरीतून झाली आहे. टोकियोतल्या शिबुया या प्रभागाने २०१५च्या नोव्हेंबरात अशा जोडप्यांना सहजीवनाचे दाखले द्यायला सुरुवात केली. त्या दाखल्याला विवाहाचे बळ नव्हते. पण घर भाड्याने घेताना आणि दवाखान्यात तो दाखवता येऊ लागला, आणि पाहता पाहता जपानातल्या शेकडो नगरपालिकांनी तसे दाखले काढले. आपल्या शेजारी नेपाळात, लमजुंग जिल्ह्यातल्या दोर्दी गावपालिकेने २९ नोव्हेंबर २०२३ रोजी माया गुरुंग आणि सुरेंद्र पांडे यांचे लग्न आपल्या वहीत नोंदवले. माया स्वतःला स्त्री मानतात, पण त्यांच्या कागदपत्रांत पुरुष लिहिलेले आहे. काठमांडूच्या जिल्हा न्यायालयाने जे नाकारले होते ते डोंगरातल्या गावपालिकेने, सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाचा आधार घेऊन, करून दाखवले. या बातमीवर मराठीत एक तरी कथा यायला हवी होती.

आपल्याकडेही ठरावाची ताकद अगदीच अपरिचित नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने २०२२च्या मे महिन्यात विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींना गिरवायला सांगितला. ठरावाने कायदा झाला नाही. पण कुंकू पुसायला पुढे झालेला हात घटकाभर थांबायला लागला असेल, तर तेही कमी नाही.

मात्र ग्रामसभेच्या नावाने मी आरती ओवाळणार नाही. प्रेमविवाहाला आईबापांची लेखी संमती असल्याशिवाय नोंद करू नये, असा ठराव आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने केल्याचे अलीकडच्याच वर्षांत आपण वाचले. जातपंचायतींच्या बहिष्काराला आळा घालायला महाराष्ट्राला २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला, तो काही हौसेने नव्हे. गाव मायाळू असते आणि गाव निर्दय असते. आणि हे दोन्ही एकाच आठवड्यात असू शकते. कादंबरीकाराला याहून मोठे भांडवल काय हवे? तरी आपला कादंबरीकार हा विषय हाती आला की गाव सोडून पुण्यात भाड्याची खोली शोधतो.

लग्नाने व्यवहारात काय मिळते हेही आपल्या लेखनात येत नाही. दोन मैत्रिणींनी मिळून घर घेतले तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, म्हणजे घरपट्टीच्या वहीत, दोघींची नावे लागू शकतात. त्याला लग्न लागत नाही. पण एकीने मृत्युपत्र न करता डोळे मिटले, की तिच्या हिश्शाच्या दारात चुलतभाऊ-पुतण्यांची रांग लागते, आणि वीस वर्षे त्या घरात स्वयंपाक केलेल्या दुसरीला कायद्याच्या वारसयादीत जागा नसते. केळीच्या बागेचा प्रश्न असला तर विचारूच नका. वारसनोंदीच्या एका नोटिशीत जेवढे नाट्य आहे तेवढे दहा आत्महत्यांत नाही, आणि आपण मात्र आत्महत्याच लिहीत आलो.

आता एक ताजा मजकूर, जो मला तेंडुलकरांना दाखवता आला असता तर फार बरे झाले असते. २०२४च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या अन्न व पुरवठा खात्याने राज्यांना कळवले की समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले समजावे. बँकेत संयुक्त खाते उघडण्याबद्दलही त्याच सुमारास खुलासा झाला. म्हणजे लग्न नाही, पण रेशनकार्ड आहे! हसण्यासारखे आहे, आणि हसून झाल्यावर विचार करण्यासारखेही आहे. कारण गरीब माणसाच्या घरात लग्नाचा दाखला पेटीच्या तळाशी असतो आणि रेशनकार्ड हाताशी. शिवाय २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरातली वडील स्त्री हीच कुटुंबप्रमुख. तेव्हा मित्रा आणि नमा यांना आपण त्यांच्या काळातून उचलून आज चोपड्याच्या तहसील कचेरीत, पुरवठा शाखेच्या खिडकीपाशी उभे करू. दोघींत वडील कोण हे तेंडुलकर जाणोत. मित्रा धरू, तिचा स्वभावच तसा आहे. कारकून लिहितो: सुमित्रा देव, कुटुंबप्रमुख. त्याखाली: नमा देशमुख. पुढचा रकाना: कुटुंबप्रमुखाशी नाते. कारकून चष्म्यावरून वर पाहतो. त्याला नाही म्हणायचे नाही, पत्रक त्याने वाचलेले आहे. मागे रांगेत आठ-दहा माणसे आहेत, त्यांत एक ओळखीच्या बाई आहेत, आणि पंखा मघाशीच बंद पडला आहे. तो पेन तसेच धरून विचारतो, “काय लिहू, ताई?”

इथून पुढची गोष्ट मला मराठीत वाचायची आहे.